आमच्या रेकॉर्डमधली उडी

हेवी मेटलच्या जुन्या अल्बमची नवीन छापलेली रेकॉर्ड कोणी मला कौतुकाने दाखवायला लागलं, की मला शिसारी येते. खोटं नाही सांगत. त्या कोऱ्या प्लॅस्टिकचा वास, कव्हरवर चिकटवलेला तो सोनेरी गोल, आत घडी घातलेलं पोस्टर, आणि रंग! जांभळी रेकॉर्ड, पोपटी रेकॉर्ड, रक्ताचे शिंतोडे उडवलेली रेकॉर्ड. अरे, गाणं ऐकायचंय की बर्फाचा गोळा चोखायचाय?

आवाजाबद्दल तर बोलूच नये, पण मी बोलणार. जुन्या रेकॉर्डवर गिटार थांबायची. खरोखर थांबायची, आणि त्या गप्प जागेतून ड्रम अंगावर यायचे. नवीन काढणाऱ्यांना गप्प जागा बघवतच नाही. सगळं ताणून एका पातळीवर आणतात, कुजबुजसुद्धा ओरडून. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं, आणि हे मी म्हणतोय, ज्याने तीस-पस्तीस वर्षं दुसरं काही ऐकलेलं नाही.

बायको म्हणते, तुझं हे रोजचंच रडगाणं आहे. असेल. पण यातली अर्धी शिसारी मला माझीच येते. कारण माझी आणि एका मित्राची मिळून असलेली जुनी रेकॉर्ड मी माझ्या हाताने घालवली, आणि ती ज्याला शेवटची ऐकायची होती त्याचे कान चाललेले.

तो माझा मित्र, अकरावीपासूनचा. तो विठ्ठलवाडीचा, मी डोंबिवलीचा, कॉलेज कल्याणला. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका भंगारवाल्याकडे आम्हाला ती रेकॉर्ड सापडलेली, मिक्सरचं भांडं आणि फुटक्या बादल्यांच्या खाली. बोटीवरच्या कोणीतरी परदेशातून आणली असणार आणि घरच्यांनी त्याच्या मागे विकली असणार. कव्हरवर कवटी, कवटीच्या डोळ्यातून निघालेला साप. दोघांनी निम्मे निम्मे पैसे घातले, आणि रेकॉर्डच्या मधल्या लाल कागदावर बॉलपेनने दोन बरोबरच्या खुणा केल्या, एक त्याची, एक माझी.

त्या बॅण्डचं नाव घेत नाही. घेतलं की लोक त्यांच्या टीशर्टबद्दल बोलायला लागतात. ते टीशर्ट हल्ली स्टेशनबाहेर लटकलेले असतात आणि घालणाऱ्याला एक गाणं धड सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर पहिला अल्बम कच्चा, तिसऱ्यात कीबोर्ड घुसला, चौथ्यात व्हायोलिनं. व्हायोलिनं! पाचव्यात गायकाने बायकोसाठी गाणं म्हटलं, तिथे मी हात जोडले. दुसरा अल्बम मात्र बावनकशी. भंगारात सापडला तो हाच.

रेकॉर्ड एक आणि घरं दोन, म्हणून आम्ही नियम केला, दर अमावस्येला तिने घर बदलायचं. कवटी आहे ना, मग अमावस्याच पाहिजे! माझ्या आईने कपाळावर हात मारला. "अमावस्येला ते मढं माझ्या घरात येणार नाही, सांगून ठेवते." त्याच्या आईकडे ही भानगड नव्हती. ती हसून म्हणाली, "आम्ही नाही मानत अमावस्या-बिमावस्या. आण रे कधीही. फक्त आवाज हळू." मग असं ठरलं की रेकॉर्ड त्याच्याकडे अमावस्येला जाणार आणि पुढच्या महिन्याची अमावस्या टळली की माझ्याकडे प्रतिपदेला येणार. एवढा काटेकोरपणा अभ्यासात केला असता तर कुठल्या कुठे गेलो असतो.

उडी त्याच्यामुळे पडली. तो ड्रमर. ड्रम नव्हते, पण ड्रमर होता. पिठाचे डबे, उशा, स्वतःच्या मांड्या, काहीही बडवायचा. पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गिटारचा मोठा तुकडा संपतो तिथे त्याने टेबलावर असा हात आपटला की सुई घसरली आणि ओरखडा पडला. तेव्हापासून त्या जागी सुई आली की टक् करून दोन वेढे पुढे जायची. तीन-चार सेकंद गायब. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग सवय झाली. मग ती उडी आवडायलाच लागली. गिटार संपते न संपते तोच धाडकन शेवटचं कडवं, श्वास घ्यायला वेळ नाही.

याच रेकॉर्डवरून आम्ही कॅसेटी भरल्या आणि वाटल्या. डोंबिवली-कल्याणातल्या दहा-बारा टाळक्यांनी हे गाणं उडीसकटच ऐकलं, आणि ते तसंच आहे असं आम्ही सगळेच मानून चाललो. कारण उडी पडायच्या आधी आमच्याकडे रेकॉर्ड होती जेमतेम पंधरा दिवस. ते पंधरा दिवस आम्ही साफ विसरलो. ठाण्याला एका कॉलेजच्या स्पर्धेत, त्या टाळक्यांतले दोघे सोबत घेऊन, आम्ही ते वाजवलं तेव्हाही उडीसकट. चौघांनी एका क्षणात, न चुकता उडी मारलेली. महिनाभराची मेहनत होती ती. परीक्षक म्हणाले, "एक ओळ खाल्लीत तुम्ही." हा पठ्ठ्या कॉलेजच्या ड्रमवरून उठून त्यांना म्हणाला, "सर, तुम्ही अल्बम नीट ऐका." आणि आम्ही तिघे मागून हो हो करतोय! पुढे सीडी हातात आली तेव्हा कळलं की परीक्षक बरोबर होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला काही नाही. म्हणाला, "सीडीवाल्यांनी मध्ये पाणी घातलंय."

नंतर तो वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. डाय म्हणजे लोखंडी साचा, त्यात पत्रा कापायचा, दिवसभर धाड-धाड. मी सांगायचो, अरे बाबा, कानात बोळे घाल. तो म्हणायचा, "बोळे घातले तर डाय सैल झालेली कळणार कशी? आवाज बदलतो आधी. आवाज कळला नाही तर बोटं जातील." प्रेसवरची जुनी माणसं अशीच काम करतात, कानांनी. त्याची दहाही बोटं शाबूत राहिली. कान गेले.

त्याचं लग्न झालं, एका खोलीत पाच माणसं, प्लेयरला जागा कुठली. रेकॉर्ड माझ्याकडे राहिली. राहिली म्हणजे ठेवायला दिलेली. देऊन टाकलेली नव्हती. हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी काय केलं ते ऐका.

ठाण्याच्या एका मॉलमध्ये रेकॉर्डचं दुकान उघडलं. आत कॉफी मिळते, भिंती मुद्दाम विटांच्या. तिथे आमचा दुसरा अल्बम, नवीन छापलेला, काचेत. जुनी आणा, नवी सवलतीत न्या, अशी पाटी. नवी घेणाऱ्यांना आज मी नावं ठेवतो, पण त्या दिवशी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ओरखडा नाही, खरखर नाही, उडी नाही. परीक्षकांसमोरचं ते हसं इतक्या वर्षांनी पुसून टाकता येईल असं काहीतरी डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड घेऊन गेलो. दुकानदाराने ती दिव्याखाली तिरकी धरली, नाक मुरडलं. "काका, ही मेलेली आहे." वाळवी लागलेलं कव्हर त्याने मला परत दिलं, ते घ्यायलाही तयार नव्हता. जांभळी की काळी, विचारलं. काळी, म्हटलं. मी जाणकार ना!

घरी येऊन लावली. पापडासारखी वाकडी, सुई बोटीसारखी वर-खाली. ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे. आणि शेवटच्या गाण्यात, जिथे आमचं धाडकन, तिथे ती हरवलेली ओळ आली. इतकी भिकार ओळ! गायक नुसतं 'ओ, हो' करतो आणि पुढे सरकतो. या एका ओळीसाठी मी आमची रेकॉर्ड दिली. थू माझ्या जिंदगीवर.

दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज. फोनवर बोलणं त्याने केव्हाच बंद केलेलं, ऐकू यायचं नाही. लिहिलेलं: "डावा गेला. उजवा पण चाललाय, डॉक्टर म्हणतो थोडे दिवस. त्याआधी एकदा आपली रेकॉर्ड लाव. उडीसकट. रविवारी येतो."

मी तसाच ठाण्याला पळालो. दुकानदाराला म्हटलं, बाबा रे, चुकलं माझं, नवी घे, वर पैसे घे, पण जुनी दे. तो कॉफीच्या मशीनशी उभा होता. त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे पाच-सहा घड्याळं. गेलेल्या रेकॉर्डना कापून, कडा कातरून, मध्ये काटे बसवून केलेली घड्याळं. तिसरं आमचं. लाल कागदावर बॉलपेनच्या दोन खुणा आणि त्यांच्या बोकांडी तास-मिनिटांचे काटे. कड कातरून वटवाघूळ केलेलं. "मेटल आहे ना, म्हणून बॅट," तो खुशीत म्हणाला. मी पाकीट काढलं. किंमत न विचारता ते घेतलं, बाहेर आल्यावर त्यातला सेल काढून फेकला. घरी माळ्यावर उताणं टाकलंय, अजून तिथेच आहे.

सांगून टाकायचं ना त्याला? सांगायला हवं होतं. चार वेळा मेसेज लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी रविवारी सकाळी काय केलं, तर नवी रेकॉर्ड जुन्या कव्हरमध्ये घातली. तोच साप, तीच कवटी. हाताला घाण वाटत होती, पण घातली.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, कानात मशीन. कव्हर मांडीवर घेऊन वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला. मी रेकॉर्ड काढली तेव्हा मुद्दाम पाठ करून उभा राहिलो. त्याने मशीन काढून खिशात टाकलं. "हे लावून नुसता पत्रा वाजतो," तो बहिऱ्यांसारखं मोठ्याने म्हणाला. "उजव्याने येतं अजून थोडं. फुल्ल लाव. फक्त शेवटचं गाणं."

सुई टेकली तेव्हा तो सुईकडे बघत होता. मग त्याने डोळे मिटले आणि मांड्यांवर सुरू झाला. अगदी बरोबर! एक ठोका इकडचा तिकडे नाही. शेजारच्यांनी बेल वाजवली, मी गेलो नाही. मला रडू यायला लागलेलं. ऐकतोय, म्हटलं, येतंय त्याला ऐकू, देवा.

गिटारचा मोठा तुकडा संपत आला. आता ती भिकार ओळ येणार, आता त्याला कळणार, आता तो डोळे उघडणार. ओळ आली. गायक 'ओ, हो' करत होता आणि माझा मित्र उडी मारून केव्हाच पुढे गेलेला, शेवटच्या कडव्यात, डोळे मिटून, चेहऱ्यावर घाम आणि हसू. उजव्यानेही काही येत नव्हतं. बहुतेक घरून निघतानाही येत नव्हतं.

तसाच तो पुढे राहिला शेवटपर्यंत. दोन्ही हात वर नेऊन त्याने शेवटचा ठोका मांडीवर आपटला आणि डोळे उघडले.

"वा! आपली ती आपली," तो ओरडला. "आणि उडी! काय बसते रे ती अजून! नवीन काढतात ती सगळी घाण, तू म्हणतोस ते खरंय."

त्याला दिसावं म्हणून मी मोठी मान हलवली. माझ्या मागे गाणं अजून संपायचं होतं.