मेथीच्या वाफ्यावरचं गोणपाट

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, चाळी संपून करवंदाच्या जाळ्या सुरू होतात तिथे, रत्नप्रभा एका संस्थेची बालवाडी चालवायची. खोली पत्र्याची, मुलं चौदा आणि दाराला आतून कायम कडी. बाई मुलांना जपते म्हणून त्यांच्या आया खूश होत्या. कडी बाईच्या स्वतःच्या भीतीसाठी होती, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

ही भीती मालवणकडची. रत्नप्रभा अकरा वर्षांची असताना धाकट्या लवूला घेऊन काजूच्या बागेत गेली होती. पाचोळ्यात, लवूच्या पायापासून हातभर अंतरावर, फुरसं वेटोळं घालून बसलेलं तिला दिसलं. ती किंचाळली, "लवू, पळ!" लवू दचकून पळाला आणि त्याचा पाय नेमका फुरशावर पडला. तिसऱ्या दिवशी तो गेला. घरात तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला जन्मभर वाटत राहिलं. 'पळ' हा शब्द मात्र तिने पुन्हा कुणाला म्हटला नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत संस्थेच्या सुलक्षणाबाई पाहणीला आल्या. "अहो, बाहेर वसंत आलाय आणि मुलं अशी डब्यात कोंबलेली? मातीत खेळू द्या त्यांना! या महिन्यात वाफा झालाच पाहिजे." हे सांगताना बाईंनी स्वतःच्या साडीचा काठ चिमटीत उचलून धरला होता, ते सोडा. रत्नप्रभेला नाही म्हणायची सोय नव्हती. नवऱ्याची, दशरथची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि घर तिच्या नोकरीवर चाललं होतं.

कडी निघाली. मागच्या अंगणात काटेसावर लालभडक फुलली होती. पोरांनी तिची जाडजूड फुलं गोळा केली, मुंग्यांच्या रांगेचा रांगत पाठलाग केला, चिखलाचे लाडू वळले. सगळ्यांत पुढे शकू, अंबादास रंगाऱ्याची साडेचार वर्षांची मुलगी. रत्नप्रभा आधी काठीने सगळी जागा बडवून काढायची, मगच पोरांना सोडायची. तरी पोरं पांगली की ती ओरडायची, "स्टॅच्यू!" हा खेळ त्यांना गल्लीतून आधीच येत होता. चौदा पुतळे जागच्या जागी. बाई 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही.

वाफ्यात मेथी पेरली. मोड लवकर यावेत म्हणून तिनेच वर ओलं गोणपाट पसरलं. उन्हाने डोंगर तापलेला, आणि आसपास गारवा काय तो त्या गोणपाटाखाली. गावाकडची बाई, तिला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

आठवडाभर काठीने बडवून एकही जनावर निघालं नाही, तशी ती सैलावली. मेथी पेरल्याच्या चौथ्या दिवशी मोड बघायला पोरं अंगणात धावली, तेव्हा काठी दाराआडच राहिली.

"बाई, मी बघते मोड आले काय!" शकूने उकिडवं बसून गोणपाटाचं टोक वर उचललं.

खाली नाग होता. गोणपाट सरकलं तसा तो उठला आणि त्याने फणा काढला. शकूचा हात त्याच्यापासून वीतभर.

रत्नप्रभेच्या जिभेवर शब्द आला. तोच. अख्खं अंग त्या शब्दासाठी पुढे झेपावलं. तिने तो गिळला. नंतर तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते रोजच्याच आवाजात कसं पडलं, ते तिलाही कधी कळलं नाही.

"स्टॅच्यू!"

चौदा मुलं थिजली. शकूचा हात गोणपाटाचं टोक धरून तसाच हवेत. फणा डावीकडे झुलला, उजवीकडे झुलला. अंबादास सकाळी लेकीला सोडताना म्हणाला होता, "बाई, हिला सांभाळा हां, लय अवली हाय." रत्नप्रभेला फक्त ते वाक्य ऐकू येत होतं. शकूचा हात थरथरायला लागला. आता सुटेल, आता सुटेल.

नागाने फणा मिटला, वाफ्यावरून तो शांतपणे उतरला आणि करवंदाच्या जाळीत गेला. शेपटीचं टोक दिसेनासं झालं तरी रत्नप्रभा उभीच. 'ओव्हर' बाहेरच पडेना. पोरं बिचारी ताटकळली, एकाची चड्डी ओली झाली, पण हललं कुणी नाही. शेवटी शकूच पुटपुटली, "बाई, ओव्हर ना?"

दुसऱ्या दिवशी बालवाडीला आतून कडी होती. सुलक्षणाबाई काढून टाकोत, घर उपाशी राहो, आता हे दार उघडायचं नाही, असं रत्नप्रभेने रात्रभर घोकलं होतं. पोरं पाटीवर रेघोट्या मारत बसली. शकू उठून तिच्याजवळ आली.

"बाई, मेथीला पाणी?"

"आज नाही गं."

"तू घाबरलीस?" शकूने तिचं बोट धरलं. "मी पाह्यला नाग. मला पण भीती वाटली. पण तू स्टॅच्यू बोललीस ना, मग मी हललेच नाय."

रत्नप्रभा शकूसमोर खाली बसली. लवूनेही असाच भरवसा ठेवून तिचं ऐकलं होतं. तीस वर्षांत हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिने तोंडात पदर कोंबला, पण हुंदका बाहेर आलाच, आणि चौदा पोरं पाट्या टाकून तिच्याभोवती जमली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, दाराआडची काठी घेतली.  तिने कडी काढली आणि पोरांना उंबऱ्याआत थांबवून आधी एकटी बाहेर गेली.