दह्यातल्या तीन गोळ्या

ये बाई, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, आत्याच्या मांडीला मांडी लावून बस आणि मुकाट्यानं बोलणी खा. दिवाळीला आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि तुझी पिशवी झटकायला घेतली तर मोज्यांत गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट माझ्या पायावर पडलं. विचारलं तर हसलीस. "आत्या, कबड्डीत सगळ्याच घेतात. मॅचच्या दिवशी एक टाकली की गुडघा गप बसतो."

गप बसतो म्हणे. गप बसलेला गुडघा काय करतो ते मी पाहिलेलं आहे. तेव्हाच तुला रागवायचं होतं, पण तुझा बाप समोर ओसरीवर बसला होता, डावा पाय लांब करून. तो पाय वाकत नाही हे तू जन्मल्यापासून पाहतेस. का वाकत नाही, ते त्यालाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. शाळा मला दोनच वर्षं मिळाली, पुढचं वाचणं-लिहिणं मी दादाच्या पुस्तकांवरून उचललं. त्यामुळे बोलते तसंच लिहिते, सांभाळून घे.

महाराष्ट्र नवीन झाला होता त्या काळातली गोष्ट. आपलं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडचं, आणि गावाला वेड एकच, कबड्डी. तुझा बाप, म्हणजे माझा दादा, चढाईला निघाला की बाया भाकरी तव्यावर सोडून कुडापाशी येत. पाय असे, की मातीला लागतात की नाही कळू नये. मला त्याचा इतका गर्व, की विहिरीवर मी इतर पोरींच्या आधी घागर भरायची आणि कोणी काही म्हणायचं नाही.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं तुला समजणार नाही. सामन्याच्या दिवशी आपल्याकडचा खेळाडू परक्या हातचं पाणीसुद्धा पीत नसे. समोरच्या गावानं काही चारलं तर, कोणी करणी केली तर, अशी भीती. सकाळपासून बहिणीच्याच हातचं खायचं, आणि आंघोळीआधी तिनंच तळहातावर दही-साखर द्यायची. ज्याला बहीण नाही त्याला चुलतबहीण. आईचासुद्धा हात चालत नसे.

त्या वर्षी देवीच्या जत्रेत शेवटचा सामना उंद्रीकडच्या संघाशी होता. आठ दिवस आधी सरावात दादाचा गुडघा मुरगळला. आई एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधायची, मी तेल चोळायची. सूज उतरली, दुखणं उतरेना. कप्तान रोज संध्याकाळी येऊन बसायचा. दादापेक्षा चार वर्षांनी मोठा, गोड बोलणारा माणूस. एकदा त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली.

"खामगावाहून आनल्या. घेऊन टाक. गुडघा हाय का नाई ते बी कळनार नाई तुले."

दादानं पुडी परत सारली. "लंगडा बैल औताले जुंपत नाई आपन. त्याले गोळी देऊन जुंपतो का? म्या देवीपाशी बोललो हाय. जत्रेच्या सकाळी पाच उठाबशा काढतो. दुखलं तर बसतो, नाई दुखलं तर खेळतो. तिचा कौल."

"आन् गावाची इज्जत?"

"गावाले दुसरे सहा गडी हायेत ना बे."

कप्तान हसला, उठला. जत्रेच्या सकाळी मी गोठ्यात शेण भरत होते, तिथं तो आला. माझ्या हातात पुडी दिली. "दोन आत्ताच वाटून दह्यात घाल. तिसरी ठेव, मधल्या सुट्टीत पान्यातून दे. तुह्याच हातचं खाते तो."

"तो नाई म्हनला ना."

"तो नाई म्हनला, कारन त्याले भेव वाटते. तू भेतं का? हारला तर लोक काय म्हनतीन, गुडघ्याचं निमित्त करून बसला. ऐकशीन तू ते विहिरीवर?"

विहिरीचं नाव त्यानं बरोबर घेतलं. बाई, मला कोणी जबरदस्ती केली नाही, हे आधी लिहून ठेवते. पाट्यावर मी गोळ्या वाटल्या. दोन नाही, तिन्ही. मधल्या सुट्टीत गर्दीतून जाता नाही आलं तर काय, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला तो जिंकायला हवा होता, आणि दोनानं जिंकेल तर तिनानं जास्त जिंकेल, एवढीच माझी अक्कल.

दही हातावर घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं. "आज साखर लय टाकली वं."

"जत्रा हाय," मी म्हटलं.

नंतर तो आंघोळीला गेला, अंगाला तेल लावलं, कपडे केले. अंगणात येऊन उठाबशा काढल्या. एक, दोन, तीन. चौथीला थांबून माझ्याकडे पाहिलं, पाचवी काढली, आणि हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "आई, पाह्यलं का? तिनं ऐकलं माह्यं." आईनं तिथूनच देवीच्या दिशेनं पदर पसरला. मी वाटी घासत होते.

सामना मी पाहिला. पूर्वार्धातच दोघांनी त्याचा घोटा धरला, तो ओढून निघाला आणि गुडघा बाहेरच्या बाजूला वळला. मला तो आवाज आला असं वाटतं, पण इतक्या गलक्यात कसा येईल. तो उठला, पाय झटकला आणि परत खेळायला उभा राहिला. दुखतच नव्हतं ना त्याला. त्यानंतर किती चढाया केल्या, मोजल्या नाहीत. शेवटच्या चढाईत दोन गडी मारून आला, गाव जिंकलं, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरवला तेव्हा पाय त्याच्याखाली दुमडला.

पुढं खामगावच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढताना सांगितलं, "पहिल्यांदा वळला तेव्हाच बसला असता तर वाचला असता. इतक्या दुखण्यात माणूस खेळतो कसा?" दादा म्हणाला, "देवीनं दुखनं उचललं होतं, साहेब." मी दाराशी पाण्याचा गडवा घेऊन उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं.

त्यानंतर तो वखरामागे कधी चालला नाही. लग्नात मांडी घालता येईना म्हणून त्याला स्टुलावर बसवला, आणि वऱ्हाडातल्या बाया हसल्या, "नवरदेव दाढी कराले बसला का वं?" त्या सामन्यात जिंकलेली ढाल मात्र कप्तानाच्या बैठकीत लागली, अजून आहे, तिच्यावर चिमण्या बसतात. कप्तान पुढे सरपंच झाला. दरवर्षी जत्रेत दादाला बोलावून नारळ देतो आणि सांगतो, देवीनं एक दिवस या गड्याचा गुडघा बरा केला होता. पोरं टाळ्या वाजवतात.

एकदा मी कप्तानाला देवळामागे गाठलं. "खरं काऊन नाई सांगत?"

"काय सांगू? जहर होतं का ते? ताप आला की लेकराले देतेच ना आपन." मग हळूच म्हणाला, "आन् वाटली कोनं, बाई?"

त्याचं हेच मला आजवर गिळता आलं नाही, कारण ते खरं आहे. तिसरी तर त्यालाही ठाऊक नाही.

दादा देवीसमोर वाकू शकत नाही. उभ्यानंच हात जोडतो, आणि तोल जाऊ नये म्हणून मी त्याचा दंड धरते. गेल्या जत्रेत मला म्हणाला, "एक दिवस तरी देल्ला ना तिनं. लोकायले तेवढा बी भेटत नाई." त्याचा दंड माझ्या हातात होता, आणि मी "हाव, देल्ला" म्हटलं.

आता तुझ्या पिशवीतून ते पाकीट निघालं. गेल्या साली सरावात गुडघा मुरगळला होता म्हणतेस, तोही डावाच. तुला नुसतं रागवून उपयोग नाही हे मला कळतं. तू म्हणशील, आत्याला काय कळते खेळातलं. हे तू तुझ्या बापाच्या तोंडून ऐकायला हवं, आणि त्याच्या तोंडून यायचं तर आधी मी त्याला सांगायला हवं. एकटीनं ते होणार नाही माझ्यानं. तो रागावला तर सोसेन. पण सगळं ऐकून त्यानं देवीकडे बघितलं, तर कुठं पाहू मी?

म्हणून तू ये. जत्रेच्या आत ये, जत्रेनंतर नको. खामगावहून दुपारची बस पिंपळगावच्या फाट्यावर सोडते, मी सावलीत बसलेली असेन. त्या दिवशी सामना असला तर सोड, आणि पाकीट पिशवीत असेल तसंच राहू दे, त्याच्यासमोर ठेवायला लागेल. लवकर ये बाई.