पाण्याखालचं टाइम प्लीज

आधीच सांगून टाकते, मी या भानगडींमधली नाही. नागपूरला आमच्या क्वार्टर्समागच्या चिंचेवर म्हणे हडळ राहायची. तिच्या नाकावर टिच्चून मी त्याच झाडाच्या चिंचा पाडल्या आहेत. पुढे अमेरिकेत सनीव्हेलला चिप डिझाइनमध्ये नोकरी केली. जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, हा माझा खाक्या! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझा नवरा माधव हवाईला गेलो होतो. माधवही आमच्याच क्वार्टर्समधला, शेजारच्या ब्लॉकमधला. लहानपणी पकडापकडी खेळताना याची एक ठरलेली खोड. पकडला जायची वेळ आली की मूठ ओठांवर टेकवायची आणि ओरडायचं, "टाइम प्लीज!" मग ज्याच्यावर राज्य असेल त्यानं थांबायचं, असा नियम. पण राज्य माझ्यावर असलं तर मी कसली थांबते! "चालणार नाही, आउट!" म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घालायचे.

स्कूबा डायव्हिंगचं खूळ माझं. माधव बिचारा माझ्याखातर शिकला. पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते, बोलता येत नाही, म्हणून क्लासमध्ये हाताच्या खुणा शिकवतात. अंगठा वर म्हणजे वर चला, गळ्यावरून आडवा हात फिरवला म्हणजे हवा नाही. माधव भांडी घासताना या खुणा पाढ्यांसारख्या घोकायचा.

त्या दिवशी सकाळी माउईहून आमची बोट लानाई बेटाकडे निघाली. तिथे समुद्राखाली लाव्हाच्या गुहा आहेत आणि त्यांत रीफ शार्क विसावलेले असतात. बोटीवर माधवचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"नंदे, ते शार्क खरंच काही करत नाहीत ना?"

"अरे, दिवसा झोपा काढतात ते. रविवारच्या तुझ्यासारखे."

"मला झोपेतून उठवलं तर मीही चावतो यार!"

गुहेत शिरायचा रस्ता म्हणजे वळणावळणाचा बोगदा. एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. सगळ्यात पुढे आमचा गाईड रिक, मध्ये मी, शेवटी माधव, असा क्रम वरच ठरला होता. शेवटचं वळण घेऊन मी गुहेच्या मोठ्या भागात आले. छताच्या भोकांतून उन्हाचे पट्टे खाली उतरले होते. रिक पलीकडच्या तोंडाशी पोचून बाहेर डोकावत होता. आणि समोर वाळूवर शार्क पहुडला होता! जवळजवळ माझ्याएवढा, पंखाचं टोक पांढरंशुभ्र. भीती नाही वाटली. इतका आनंद झाला की काय सांगू! अजून जवळ जावं म्हणून मी पुढे सरकले.

शार्कच्या पलीकडे माधव दिसला.

धूसर वगैरे नाही, स्वच्छ उन्हात. त्याचा निळा सूट, त्याचा मास्क. तोंडात नळी नव्हती आणि मूठ ओठांवर टेकवलेली होती. टाइम प्लीज!

खरं सांगते, आधी मला राग आला. हा माझ्यापुढे कधी गेला? पण अंग मात्र जागच्या जागी थांबलं. पापणी लवली असेल नसेल, तेवढ्यात पलीकडे नुसता काळा खडक... शार्क होता तसाच पडून.

मी मागे वळून पाहिलं. माधव नव्हता. त्याच्या टॉर्चचा उजेडही नव्हता.

तेव्हा मात्र मी घाबरले. मी वळणावरून परत बोगद्यात शिरले. माधवच्या पाठीवरची हवेची टाकी खडकाच्या कपारीत अडकली होती. सुटायच्या धडपडीत नळी तोंडातून निसटून पाठीमागे गेली होती, टॉर्च खाली पडला होता. माझ्या उजेडात त्याचे डोळे दिसले. आणि ओठांवर टेकवलेली मूठ.

माझ्या टाकीला अडचणीसाठी असलेली जास्तीची नळी मी त्याच्या तोंडात कोंबली. त्यानं श्वास घेतला. त्याचे बुडबुडे दिसले तेव्हा वाटलं, जगात याहून सुंदर काही नाही. एवढ्यात रिकही मागे आला, आम्ही टाकी सोडवली आणि वर आलो. बोटीवर माधवला भडाभडा उलटी झाली. मी त्याला धरून हमसून हमसून रडले.

माझा स्वभाव चिवट. दुसऱ्या दिवशी रिकला पटवून मी पुन्हा त्याच गुहेत उतरले. माधव बोटीवर चिवडा खात बसला, त्याला पाण्याचं नावही नको होतं. रिकला मी माधव अडकला त्या जागी थांबवलं आणि स्वतः शार्कपाशी जाऊन सगळीकडून पाहिलं. आमच्या दोघांच्या मध्ये सबंध खडक! माझ्या मास्कच्या काचेत प्रतिबिंब पडलं असेल म्हणावं, तर तिथून उजेडाचा कवडसासुद्धा येत नव्हता. दमले, घाबरले, म्हणून भास झाला? पण मी घाबरले ते नंतर. शिवाय त्याच्या तोंडात नळी नाही, हे मला आधीच कसं दिसलं?

परतीच्या विमानात मी माधवला विचारलं, "अरे, हवा नसल्याची खूण इतकी घोकली होतीस. मग हे टाइम प्लीज कुठून काढलंस?"

"क्लासमधलं सगळं साफ पुसलं गेलं गं. तेवढं एकच आठवलं."

"पण दाखवत कुणाला होतास? मी तर वळणाच्या पलीकडे होते. माझी तुझ्याकडे पाठ होती."

तो म्हणाला, "तुझ्यावर राज्य होतं ना? म्हटलं, या वेळी तरी थांबशील."

थांबले होते मी. कशी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.