एरंडेलाचा ड्रम

तेलाच्या धंद्यातले किस्से अंगाला चिकटतात, साबणानेही जात नाहीत. मी आठवी नापास, पण आमच्या फरीदाबादच्या शेडमधले सगळे किस्से तोंडपाठ आहेत.

आमचे जोशीसाहेब पुण्याचे. एरंडेलापासून शटरिंगचं तेल बनवायचे. काँक्रीट ओतण्याआधी साच्याच्या फळ्यांना तेल लावतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. गुडगावात तेव्हा जिथे बघाल तिथे नवी बिल्डिंग, आणि सगळे गाड्यांचं जळकं काळं तेल फासायचे. आमचं तेल किती निरुपद्रवी, हे पटवायला साहेब गिऱ्हाइकासमोर चमचाभर पिऊन दाखवायचे.

एकदा एकाच दिवशी तीन मीटिंगा लागल्या. तिसरीत साहेब बसलेच नाहीत. दारातूनच भाव सांगितला आणि विचारलं, "टॉयलेट किधर है?"

*

जोशीवहिनी म्हणाल्या, "एरंडेल प्यायला दिल्ली गाठलीत? या महिन्यात ऑर्डर नाही आली तर शेडला कुलूप, आणि चला पुण्याला."

साहेबांनी चमचा धुऊन खिशात ठेवला. मला पुण्यात कामाला कोण ठेवणार?

*

शेवटी एका साइटवर ट्रायल मिळाली. ठेकेदार चौधरी, कायम कडक पांढऱ्या कुर्त्यात. ड्रममध्ये डोकावून म्हणाला, "ये तो साफ है. साफ तेल में दम कहाँ?" ठरलं, डावी भिंत त्याच्या काळ्या तेलाची, उजवी आमची.

सकाळी पाहतो तर आमचा ड्रम वीतभर खाली. साहेब घाबरले, "सावंत, लीकेज!"

मी साइटवर फेरी मारली. मजुरांची झाडून सगळी पोरं चापून भांग पाडून बसलेली.

*

मजूर बायांना आमचं तेल आवडलंच होतं. काळ्या तेलाने त्यांचे हात सोलवटायचे. चौधरी जेवायला गेला, तेव्हा मी हळूच म्हटलं, "दोनों तरफ यही लगाओ."

काँक्रीट सुकलं, फळ्या निघाल्या. दोन्ही भिंती सारख्याच गुळगुळीत. चौधरी खूश, "देखा? मेरा वाला भी बराबर है!"

साहेबांचा चेहरा पडला. "संपलं, सावंत. आता विकायचं काय?"

मी म्हटलं, "चौधरीजी, अपने तेल पे भरोसा है तो जरा पीठ टेक के दिखाओ."

चौधरी छाती फुगवून डाव्या भिंतीला टेकला. चांगला रेलून. मग वळला.

सगळी साइट त्याच्या पाठीकडे बघत होती. त्यानेही कुर्ता ओढून मागे पाहिलं. काळ्या तेलाचा एक ठिपका नाही. मग भिंतीकडे पाहिलं, तोंडावर पदर धरलेल्या बायांकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे.

"सावंत," तो हळूच म्हणाला, "कल कितने ड्रम भेजोगे?"