बॉसचा अबोला

इंग्लंडमधल्या ब्रॅकनशॉ टाउन या फुटबॉल क्लबच्या मैदानावर जखमी खेळाडू नसायचेच. म्हणजे पाय सगळ्यांचेच मोडायचे, गुडघे सुजायचे, पण ज्याचं मोडलं तो माणूस त्या दिवसापासून स्टॅन प्रॉक्टरला दिसेनासा व्हायचा. प्रॉक्टर म्हणजे संघाचा मॅनेजर. सगळे त्याला बॉस म्हणत, त्याची बायकोसुद्धा. त्याचं गणित सोपं होतं. सामना जिंकला की दोन गुण मिळतात, आणि लंगडा माणूस ते मिळवून देत नाही. मग त्याच्याशी बोलायचं कशाला? प्रॉक्टर बोलायचा नाही, त्याच्याकडे बघायचा नाही, त्याचं नाव घ्यायचा नाही. बॉस बोलत नाही म्हटल्यावर संघही बोलत नसे. जेवणाच्या खोलीत भांडी घासायच्या मोरीजवळ एक वेगळं टेबल होतं, तिथे त्या माणसानं बसायचं. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकणं म्हणतात तेच हे, फक्त पंचायत भरवायचीही गरज नाही.

आणि याचा उपयोग होतो, असं सगळे छातीठोकपणे सांगत. अबोला असह्य होऊन पोरं महिन्याचं दुखणं पंधरवड्यात झटकून उठत. पुढे त्या पोरांच्या पायांचं काय झालं, ते विचारायला कुणी जात नसे.

नेव्हिल होल्डन या शिस्तीतच वाढला. बाप रंगाच्या कारखान्यात, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. नेव्ह शाळा सुटल्या सुटल्या क्लबात लागला, आधी मोठ्यांचे बूट घासायला, मग खेळायला. मैदानाच्या मधोमध त्याची जागा. त्याचं काम निम्मं चोराचं, निम्मं हमालाचं: समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा आणि ज्याला खेळ येतो त्याच्याकडे नेऊन टाकायचा. गोल दुसरे करत, फोटो दुसऱ्यांचे छापून येत. पण गोलपोस्टमागे उभे राहणारे गिरणीतले कामगार त्याच्यावर जीव टाकत. नेव्हनं कुणाला आडवा केला की म्हाताऱ्या बायका पण ओरडत, "घे, अजून हवंय का?" संघ तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, आणि तिथेच राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शनिवारी दुपारी गाव रिकामं पडायचं.

त्याच्या शेजारी खेळायचा एरिक लोमॅक्स. मैदानावरही शेजारी आणि गल्लीतही समोरासमोर. नेव्हच्या गाडीतून दोघं सरावाला जात, रविवारी एकत्र दारू पीत, एकमेकांच्या बायकांवरून चिडवत. एका नोव्हेंबरात एरिकचा घोटा गेला. सोमवारी सकाळी नेव्हनं गाडी काढली आणि समोरच्या दाराकडे न बघता निघून गेला. एरिक बसनं आला.

जेवताना मोरीजवळच्या टेबलावरून एरिक म्हणाला, "नेव्ह, मीठ दे रे इकडे."

नेव्हनं बरणी टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली, पण मान वर केली नाही. कुणीतरी खुसखुसलं.

"भूत बसलंय वाटतं इथे," एरिक स्वतःशीच बोलला आणि मीठ घेऊन जेवू लागला.

नेव्हची बायको मॉरीन सपाता शिवायच्या कारखान्यात होती. तिला हे कळलं तेव्हा ती भडकली. "अरे, गेल्या महिन्यात त्याच्या पोरीच्या बारशाचा केक खाल्लास ना तू? लाज नाही वाटत?"

"बरा होऊ दे, मग बोलूच की," नेव्ह म्हणाला. "हे त्याच्याच भल्यासाठी आहे. त्यालाही ठाऊक आहे."

एरिक बरा झाला नाही. उन्हाळ्यात त्यांनी घर सोडलं. सामानाची गाडी आली त्या सकाळी नेव्ह पडद्याआडून बघत उभा होता. हात तरी हलवावा असं त्याला आतून फार वाटलं. पण करार संपायला अजून काही दिवस होते, म्हणजे एरिक अजून जखमी खेळाडूच होता. नेव्हनं हात हलवला नाही.

दोन वर्षांनी गुडघा दुखायला लागला तो नेव्हचा स्वतःचा. आधी जिना उतरताना, मग गाडीचा क्लच दाबताना, मग झोपेतसुद्धा. शनिवारी येणारे डॉक्टर सामन्याआधी बॉयलरच्या खोलीत सुई टोचत. दीड तास गुडघा असल्याचं कळत नसे. रविवारी तो पावासारखा फुगायचा.

मालिश करणारा म्हातारा विल्फ एकदा दार लावून म्हणाला, "पोरा, सांगून टाक बॉसला. दोन महिने विश्रांती घेतलीस तर अजून चार-पाच वर्षं खेळशील. असाच रेटलास तर काठी घेऊन फिरशील."

"आणि मोरीजवळ जाऊन बसू?"

"बसलास म्हणून मरशील का?"

नेव्हला मरणाची भीती नव्हती. त्या टेबलाकडे बघताना आपल्या चेहऱ्यावर काय असायचं, ते त्याला पुरतं माहीत होतं, आणि तेच आता बाकीच्या दहा चेहऱ्यांवर बघायची त्याची छाती नव्हती. प्रॉक्टरला दुखणं ठाऊक नव्हतं असंही नाही. पण नेव्ह तोंडानं बोलत नव्हता तोवर तो जखमी नव्हता. उलट त्या हिवाळ्यात बॉस त्याच्याशी फारच गोड वागला. पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगायचा, "याच्याकडे बघा रे, नाहीतर तुम्ही! नाक शिंकरलं तरी सुट्टी मागता." नेव्ह त्या थापेवर आठवडा काढायचा.

ऑगस्टअखेरीस, मोसम नुकताच सुरू झाला होता तेव्हा, ते झालं. कुणी धक्काही दिला नव्हता. चेंडू घेऊन तो वळला आणि गुडघा जागच्या जागीच राहिला. विल्फ थंड पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन धावला, पण स्पंजानं काय होणार होतं? स्ट्रेचरवरून जाताना नेव्हनं बाकाकडे पाहिलं. प्रॉक्टर राखीव खेळाडूच्या खांद्यावर हात टाकून त्याला समजावत होता. स्ट्रेचर त्याच्या बुटांजवळून गेलं तरी त्यानं खाली पाहिलं नाही.

गुडघा फाडून शिवला. डॉक्टर म्हणाले, बघू. या एका शब्दावर नेव्ह रोज मैदानावर जाऊ लागला. एकटाच भिंतीकडेनं चालायचा, मग लंगडत धावायचा, मग बसून गुडघा दाबायचा. बाकीचे पलीकडे सराव करत, हसत, शिव्या देत. मोरीजवळच्या टेबलावर तो एकटाच जेवायचा. मीठ स्वतः उठून आणायचा. कुणाकडे मागायची त्याची हिंमत नव्हती.

पण खरं दुखणं होतं ते बॉसच्या अबोल्याचं. नेव्हला वाटायचं, बॉस एकदा बोलला, एकदा नुसतं "काय रे" म्हणाला, तरी आपण परत खेळू. तो मुद्दाम लवकर जाऊन बोळात उभा राहायचा. एका सकाळी प्रॉक्टर येताना दिसला तसं त्यानं पुढे होऊन दार उघडून धरलं.

"गुड मॉर्निंग, बॉस."

प्रॉक्टर त्याच्या छातीला घासून आत गेला आणि विल्फला म्हणाला, "ते दार कुणी उघडं टाकलंय? वारा येतोय केवढा."

विल्फनं नेव्हकडे पाहिलं. नेव्हनं बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

मॉरीनला हे सहन होईना. "तू माणूस आहेस की कोण आहेस? जा आणि गचांडी धर त्याची! नाहीतर सोड ते सगळं. आमच्या कारखान्यात माल उतरवायला माणूस हवाय, मुकादम मला ओळखतो."

"तिथे गेलो म्हणजे मी संपलो, मॉरीन."

"इथे काय चाललंय मग तुझं?"

"बॉस बघतोय. दाखवत नाही, पण बघतोय. मी धावतो ना, तेव्हा खिडकीत असतो तो."

खिडकीत कुणी नसायचं. मॉरीन एकदा सुट्टीच्या दिवशी कुंपणाबाहेर उभं राहून बघून आली होती. तिनं त्याला ते सांगितलं नाही. त्या रात्री मात्र ती मोरीशी उभी राहून रडली. दुखणाऱ्या पायाला शेक देता येतो, याला काय द्यायचं हे तिला कळत नव्हतं.

मे महिन्यात, मोसम संपल्यावर, एका सकाळी नेव्ह भिंतीकडेनं धावत होता. ऑफिसचं दार उघडलं आणि हाक आली.

"नेव्हिल! ये बाबा, ये आत."

तो इतका दचकला की त्यानं आधी मागे वळून पाहिलं. प्रॉक्टर दारात उभा होता आणि सरळ त्याच्याकडे बघत होता. त्यानं खुर्ची पुढे केली. स्वतःच्या हातानं चहा ओतला. "साखर दोन ना रे? मॉरीन कशी आहे? आणि गुडघा काय म्हणतो? फार सोसलंस हं पोरा. तुझ्यासारखा कामाचा गडी मी आयुष्यात पाहिला नाही." तो बराच वेळ बोलला. मग उठून त्यानं नेव्हशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं आणि दारापर्यंत सोडायला आला.

मॉरीन कामावरून आली तर नेव्ह स्वयंपाकघरात उभा. अंगात अजून सरावाचेच कपडे, डोळे चमकत होते.

"बॉस बोलला माझ्याशी आज," तो म्हणाला. "नावानं हाक मारली. तुझी चौकशी केली. चहा दिला, मॉरीन, स्वतः ओतून."

मॉरीनच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "खरंच? मग? घेतलं तुला परत?"

"छे. काढून टाकलं," नेव्ह म्हणाला. "आजपासून मी त्यांचा खेळाडू नाही. म्हणून तर बोलला ना."

हे बोलतानाही त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जाईना. मॉरीननं त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला ती खाली वाकली, कारण त्या हसण्याकडे तिला बघवत नव्हतं.