मागे काही ऐकू येत नाही

आमच्या घरात तेव्हा बोलायला जागा नव्हती. जेवायला होती, झोपायला होती, रुसून बसायलासुद्धा एक कोपरा होता. पण नवराबायकोने चार शब्द बोलावेत अशी जागा बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत कुठे नव्हती. बाहेर सासरे, आत सासूबाई, मध्ये एक पडदा. पडद्याआडून नुसतं "अहो" म्हटलं तरी पलीकडून सासूबाईंचं "काय गो?" यायचं.

त्यामुळे आमचा खरा संसार झाला फटफटीवर. फटफटी ह्यांची, लग्नाच्या आधीपासूनची, म्हणून घरात तिचा मान माझ्या वरचा. हे कारखान्यात फिटर. सुट्टी मिळाली की फटफटीला बोचकी बांधून टूरला निघायचे. मी अंधेरीला एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. रोज सकाळी मला सोडून हे पुढे जायचे. साडीत, दोन्ही पाय डावीकडे सोडून, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर आणि तोंड ह्यांच्या कानाशी. बोरीवली ते अंधेरी, एवढंच काय ते आमचं खाजगी आयुष्य.

मग ह्यांनी फटफटीला डेक बसवला. टॅक्सीत असतो तसला कॅसेटचा डेक टाकीवर, आणि हॅण्डलला दोन स्पीकर, हिंगाच्या डबीएवढे. सोसायटीत कौतुकच कौतुक. कॅसेटी मात्र विकतच्या नाहीत. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून हे स्वतः गाणी उतरवायचे, आणि तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं असा हुकूम होता. सासूबाई सोडून. त्यांना हुकूम देणारा अजून जन्माला यायचा होता.

आता वारा, इंजिन आणि वर गाणी. हे पुढून काहीतरी बोलायचे, ते वाऱ्यावर कुठे मालाडकडे उडून जायचं. एका सकाळी मी न राहवून ओरडले, "मागे काही ऐकू येत नाही हो!"

"काय?"

"मागे काही ऐकू येत नाही!"

"अरे हो की! लक्षातच नाही आलं. बघतो."

मला म्हणायचं होतं की तुमचं बोलणं ऐकू येत नाही, तो डेक बंद करा. ते बाईसाहेबांनी सांगितलं का? छे. बाईसाहेब दिवसभर बोर्डावर गालातल्या गालात हसत बसल्या: कित्ती समजूतदार नवरा. ह्या बाईला आज मी भेटले ना, तर तिच्याच वेणीने तिला खुर्चीला बांधीन आणि सांगीन, वाक्य पुरं कर, गधडे.

पुढचे कितीतरी रविवार हे मालाडच्या एका डेकवाल्याकडे पडीक. तो टॅक्सीवाल्यांचे डेक बसवायचा, आणि त्यालाही आयुष्यात कधी फटफटीला थिएटर करायची संधी मिळाली नव्हती. शेवटी एका संध्याकाळी सोसायटीच्या फाटकात फटफटी उभी राहिली ती मला ओळखूच येईना. हिंगाच्या डब्या गेल्या होत्या. मागच्या कॅरिअरवर लाकडी खोका, पाटावर उभ्या केलेल्या पिंपाएवढा. उजवीकडे दुसरा तसलाच, त्याच्या पोटात मोटारीची बॅटरी, कारण फटफटीच्या बॅटरीला हा आवाज झेपेना. म्हणजे मी बसले की एक स्पीकर डाव्या कानाला आणि एक पाठीला. पुढे ह्यांची पाठ. राहिली मोकळी बाजू, जिकडे पाय सोडायचे. खोक्यांनी सीट अर्धी खाल्ल्यामुळे तिकडून घसरायची भीती, म्हणून ह्यांनी कारखान्यात एक लोखंडी दांडी वाकवून आणली होती. जत्रेतल्या आकाशपाळण्याला असते तशी माझ्या मांडीवरून आडवी जायची आणि पलीकडे नटाने कसायची. पान्याशिवाय उघडत नसे.

"भाभी को थेटर में बैठने का माफिक लगेगा," डेकवाला म्हणाला होता म्हणे.

खोक्यांना पुढून निळं कापड लावलं होतं. माझ्या शालूचा रंग. ह्यांनी दुकानात पदराचा तुकडा नेऊन दाखवला होता. कॅसेट सुरू झाली आणि माझ्या बरगड्या आतून वाजल्या.

"आता येतंय ना मागे ऐकू?" हे ओरडले. तोंडावर एवढा आनंद की बघवेना.

"झकास!" मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आणि दांडीच्या आत हसत बसून राहिले, पिंजऱ्यातल्या पोपटासारखी. पोपट निदान चावतो तरी.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी ठरवून टाकलं. नणंदेचं लग्न होऊन ती मुलुंडला गेली होती, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, घरात माणूस हवं. मे महिन्यात आम्ही गावी, मालवणला जाणारच होतो. गावाहून आलं की मी राजीनामा द्यायचा. ते सगळं त्यांनी मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं, म्हणजे मीठ कमी आहे हे सांगावं तसं. मी "हो आई" म्हणाले.

बोर्डावरची ती खुर्ची माझी होती. कानाला हेडफोन, पुढे दोऱ्यांचं जंजाळ, आणि सगळ्या कंपनीत कोणाला कोणाशी बोलू द्यायचं ते माझ्या बोटांवर. मोठे साहेबसुद्धा "प्लीज" म्हणायचे. ते सुटलं तर माझा आवाज फक्त "हो आई" एवढाच उरणार होता. हे ह्यांना सांगायला हवं होतं, आणि ह्यांनी ते सासूबाईंना. पण सांगू कुठे? घरात पडदा, फटफटीवर थिएटर. रोज बोरीवलीला मनाशी वाक्य जुळवायचं, जोगेश्वरीपर्यंत धीर गोळा करायचा, अंधेरीला "अहो" म्हणायचं. ते "अहो" तबल्यात विरघळायचं, आणि शेजारून जाणारे दोन-तीन सायकलवाले मात्र वळून बघायचे. मुंबईतला प्रत्येक नवरा अहोच की.

आता तुम्ही म्हणाल, नावाने हाक मारायची होती. वा! नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही पाच बायकांनी ढोसल्यावर. सासरे 'अरे'वर भागवायचे; घरात ह्यांना नावाने हाक मारणारं माणूस एकच, सासूबाई. रेशनच्या दुकानात विचारलं तर मी कागदावर लिहून द्यायचे.

मे महिन्यात निघालो. दांडी कसली, नट आवळला, सासूबाईंनी वरून गॅलरीतून हात केला. अंधेरी, घाटकोपर मागे पडलं. मला कळत होतं की गावी पोचलो की तिथे दीर, जावा, पोरंटोरं, आणि परत आलो की राजीनामा. जे सांगायचं ते ह्या रस्त्यात. मी "अहो" म्हणत होते, खांदा दाबत होते. खांदा दाबला की ह्यांना वाटे मला गाणं आवडलं. हे आवाज वाढवायचे.

देवनार आलं ते नाकाला कळलं. एका बाजूला कचऱ्याचे डोंगर, पुढे कत्तलखान्याकडे निघालेले बकऱ्यांचे ट्रक. मी पदर नाकाला लावला. दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर शांतता झाली, आणि माझ्या डाव्या कानात, अगदी कानाच्या आत, सासूबाई कडाडल्या:

"अगो सुने! कुकर बंद केलंस काय?"

"आले आई!" मी ओरडले, पदर खोचला आणि उठले.

उठले म्हणजे उठायला गेले. दांडीने मांडीत असा रट्टा दिला की डोळ्यांपुढे काजवे. दांडी नसती तर तुमची आजी त्याच दिवशी देवनारच्या रस्त्यावर राहिली असती. झालं होतं एवढंच, की कॅसेट उतरवताना सासूबाई बोलल्या होत्या. हिंगाच्या डब्यांतून ते कधी ऐकू आलं नव्हतं. ही जुनी कॅसेट नव्या स्पीकरांवर आज पहिल्यांदाच लागली होती, आणि त्यांच्या बांगड्यासुद्धा वाजत होत्या.

मी तशीच बसले. बोरीवलीपासून एवढ्या लांब, चालत्या फटफटीवर, आणि मी "आले आई" म्हणून उठत होते. मला आधी हसू आलं आणि मग जे काही आलं त्याला हसू म्हणता येणार नाही. पोटातून, बेंबीच्या देठापासून, मी ह्यांना नावाने हाक मारली. नुसतं नाव. मागे राव नाही, पंत नाही.

करकचून ब्रेक लागला. फटफटी कडेला. हे वळून बघतात ते माझ्याकडे नाही, खोक्याकडे.

"आई?" हे म्हणाले.

"आई नाही. मी."

ह्यांनी डेक बंद केला. माझ्याकडे असं बघितलं, जशी मी घुंघट काढून दुसरीच बाई निघाले. "तू मला..."

"हो. आधी सोडवा मला. मग बोलू."

हे पाना काढायला वाकले, आणि तसेच थांबले. रोजचा खिशातला पाना निघायच्या घाईत फाटकावरच राहिलेला. दुसरा टूलकिटमध्ये. टूलकिट सीटखाली. सीटवर मी. सीट उचलायची तर मी उठायला हवं, मी उठायची तर दांडी निघायला हवी.

"वाट लागली," हे म्हणाले.

"मग ऐका," मी म्हणाले. "मला नोकरी सोडायची नाही."

नाकाला रुमाल लावून हे उभे, आणि मी दांडीआड बसून बोलत होते. सगळ्या मुंबईत माणसाला माणूस चिकटलेलं, पण तिथे आसपास चिटपाखरू नाही. त्या वासात कोण थांबणार? लग्नानंतर आम्हाला मिळालेली पहिली एकांताची जागा ती. मी बोर्डाचं सांगितलं, साहेबांच्या "प्लीज"चं सांगितलं, हिंगाच्या डब्यांच्या वेळी मला खरं काय म्हणायचं होतं तेही सांगून टाकलं.

"म्हणजे तुला गाणी नको होती?" हे म्हणाले. नोकरीपेक्षा तेच जास्त लागलं बहुतेक. मग रुमाल दुसऱ्या हातात घेऊन, "आई म्हणाली, तूच कंटाळलीयस नोकरीला."

"मी असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस. पण तू काहीच म्हणत नाहीस ना."

"मग आता म्हटलं. सांगा आईंना."

"मी?" रुमालावरचे ते डोळे मी विसरणार नाही. मी एकटीच दांडीआड होते असं मला इतके दिवस वाटत होतं. "मला नाही जमणार गं. तुला माहितीये आई कशी आहे ती."

तेवढ्यात बकऱ्यांचा एक ट्रक पुढे थांबला. ड्रायव्हरने पाना दिला, माझ्याकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं, आणि ह्यांना विचारलं, "भाग जाती है क्या?" ट्रकच्या फळ्यांतून बकऱ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांची डोकी तरी बाहेर येत होती.

गावाहून परत आलो. सोमवारी मी ऑफिसला गेले, बोर्डावर बसले, संध्याकाळी घरी आले. सासूबाई भाकरी थापत होत्या. "दिलंस राजीनामा?"

माझ्या तोंडात "हो आई" तयारच होतं. पण मध्ये कुठूनतरी तो रट्टा आठवला.

"काय म्हणालात आई? भाजी? आणली ना."

"राजीनामा!"

"मागे काही ऐकू येत नाही हो आई. ते मोठे स्पीकर बसवल्यापासून कान बधिर झालेत. ह्यांना विचारा."

पडद्यापलीकडून हे म्हणाले, "हो आई. माझीच चूक." लग्नानंतर ह्या माणसाने माझी घेतलेली ती पहिली बाजू.

मग मी बहिरी झाले. बहिरेपण म्हणजे त्या खोक्यांपेक्षा अरुंद जागा. विनोदाला हसायचं नाही. दारावर टकटक झाली तर बसून राहायचं. सासूबाई शेजारणीला माझ्याबद्दल काय काय सांगतात ते माझ्यासमोर, माझ्याच ताटातला भात कालवत ऐकायचं आणि चेहरा भिंतीसारखा ठेवायचा. राजीनाम्याचा विषय निघाला की मी भाजीचा भाव सांगायची. बहिरी बाई टेलिफोनच्या बोर्डावर काय करते, हे मात्र त्या घरात कोणी विचारलं नाही. ह्यांनी तेवढ्यात खोके काढून मालाडला परत दिले, दांडी मोरीत कपडे वाळत घालायला बसवली.

पावसाळा सरत आला होता. संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, सासूबाई पाठमोऱ्या, डबे पुसत होत्या. कधी नव्हे ते हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या, "उद्या डब्याक उसळ होयी की भाजी?"

"उसळ," मी म्हणाले.

सुपातला माझा हात थांबला. त्यांचाही डब्यावरचा थांबला. पडद्यापलीकडे ह्यांचा पेपर वाजायचा थांबला.

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वरच्या फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं.

"मग मटकी भिजत घालतंय," त्या म्हणाल्या.