वनभैंसा वाळेना

भिलाईहून रायपूरला आलो त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्यात मला नोकरी, त्याच अंगाला भाड्याचं घर, आणि घराजवळच्या शाळेत पोरगी पाचवीत. तिला एकही मैत्रीण नाही, डबा ती एकटीच खाते, हे तिच्या बाईंनी मला सांगितलं. ती स्वतः सांगणार नव्हती. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत "कुछ नहीं" म्हणते. आमचा संवाद इतकाच.

मग शाळेनं ठरवलं की आपलं बोधचिन्ह वनभैंसा, म्हणजे इथल्या जंगलातला रानरेडा. फाटकाजवळच्या भिंतीवर तो भलामोठा रंगवायचा. कुणाचे पालक रंगवतील, असं वर्गात विचारलं आणि आमच्या मुक्या पोरीनं हात वर केला. "मेरे पापा पेंटर हैं!"

चूक माझीच. लहानपणी चित्रकलेत पहिलं बक्षीस मिळालं, हे मी घरात दर सणाला सांगत आलो होतो. स्पर्धक आम्ही दोघंच होतो आणि दुसऱ्याला त्या दिवशी गोवर निघाला होता, एवढं सांगायचं राहून गेलं.

बायको म्हणाली, "काहून जी, तुमाले घरचा गणपती तरी रंगवता आला का? त्याचे डोळे अजून तिरपे हायेत."

"पोरीनं शब्द दिला ना आता!"

मुख्याध्यापिकाबाईंनी एकच अट घातली. "काला मत बनाइएगा, छोटे बच्चे डर जाएँगे. कुछ हल्का, क्रीम-व्रीम." क्रीम रंगाचा वनभैंसा! पोरगी शेजारीच उभी होती. "पर वो तो काला होता है," ती पुटपुटली. मी तिला गप्प केलं आणि बाईंना हव, हव म्हणत सुटलो.

पुरानी बस्तीतल्या रंगवाल्यानं सरळ सांगितलं, "भैया, पानी वाला ले जाओ, घंटे भर में सूख जाएगा." पण मला चमक हवी होती. मी ऑइल पेंट घेतला आणि वर, जास्त चमकावा म्हणून, अळशीचं तेल. किती घालायचं ते रंगवाल्यानं सांगितलं होतं, पण सांगितल्यापेक्षा चार पळ्या जास्त तेल घालायची सवय आमच्या घरात आमटीपासूनच आहे.

रविवारी दुपारी चारला वनभैंसा उभा राहिला. पाय जरा आखूड, शिंगं जरा मोठी, पण चमक अशी की त्यात दाढी करावी. उद्घाटन सोमवारी सकाळी. घरी आलो, चहा घेतला, आणि मला बसवेना. वाळला असेल का? गेलो, पोटाला बोट लावलं. चिकट. घरी आलो, परत गेलो. आता मानेला बोट. चिकट. असं चारदा झालं. शाळेचा चौकीदार म्हणाला, "साहब, भैंसा है, भागेगा नहीं. घर जाओ."

पाचव्या फेरीसाठी निघालो तेव्हा बायको गॅलरीतले पांढरे कपडे घाईघाईनं आत घेत होती. आमच्या भागात सांज पडली की हे सगळ्याच घरांत चालतं. कारखान्यांकडून वारा फिरला की ओल्या कपड्यावर काळी भुकटी बसते आणि मग कितीही घासा. पोरीचा शाळेचा सदरा तर पंख्याखालीच वाळतो. ते कपडे पाहून मी दारातच थिजलो. रोज त्याच कारखान्यांच्या धुराड्यांखाली नोकरी करणारा मी, अख्खी ओली भिंत बाहेर ठेवून आलो होतो! आता वर कापड टाकावं तर तेच चिकटलं असतं.

सकाळी पाहिलं तर क्रीमचा मागमूस नाही. काळा कुळकुळीत, ओलसर, आणि पोटापासून मानेपर्यंत माझ्या बोटांचे ठसे. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं कान पुसायला गेलो तर कानच गेला. तेवढ्यात घंटा झाली.

पोरं जमली. बाई जमल्या. भिंतीकडे बघून मुख्याध्यापिकाबाईंनी आधी चष्मा पुसला. एका पोट्टीनं आमच्या पोरीला विचारलं, "तेरे पापा ने बनाया?"

पोरीनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी उगाच हातातला बोळा पाठीमागे लपवला.

"नहीं," ती म्हणाली. "पेंटर भैया ने."

मी तिथून निघणारच होतो. स्कूटरची किल्ली हातात होती. पण त्या पोट्टीनं पुढं होऊन वनभैंशाच्या पोटावर तळहात दाबला. हात काढला तर भिंतीवर क्रीम रंगाचा पंजा उमटलेला आणि तिचा हात काळाभोर. ती ओरडली, आनंदानं. दुसरी धावली. तिसरी. "बच्चों, हाथ मत लगाओ!" असं मुख्याध्यापिकाबाई म्हणेपर्यंत दहा पंजे झाले होते, आणि मग बाईंनाही हसू आवरेना.

आणि त्या गर्दीतून ओळखीचा आवाज आला. "धक्का मत दो! लाइन से! मेरे पापा ने बनाया है, कभी सूखता ही नहीं!"

भिंतीला पाठ टेकून आमची पोरगी रांग लावत होती. दोन पोट्ट्या तिच्या दोन्ही हातांना लटकलेल्या. मी किल्ली खिशात टाकली.

दुपारी पोरगी शाळेबाहेर आली तेव्हा पंख्याखाली वाळवलेल्या त्या सदऱ्याच्या पाठीवर शिंगांसकट अर्धा वनभैंसा छापला होता. डबा रिकामा होता. आतली चकली कुणाकुणाला दिली ते ती स्कूटरवर मागं बसून सांगत होती, हिंदीत, न थांबता. घर जवळ आलं तशी मला गॅलरीतले पांढरे कपडे वाचवणारी तिची आई आठवली.

चौकातून स्कूटर मी परत शाळेकडे वळवली.

"अब कहाँ?" तिनं विचारलं.

"एकदा बोट लावून बघू," मी म्हणालो.